तुर्कस्तानच्या बाजारातून नाणं आणू का?

पत्र: मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे बदललेले, पक्षाघातातून उठलेले, अपघातातून वाचलेले लोक माझ्याकडे येतात. मागे मुलाकडे जर्मनीला गेले होते, तेव्हा एका संग्रहालयात छोटंसं रोमन नाणं पाहिलं. त्यावर घोंगडीची खोळ घेऊन भातलावणीला निघालेलं पोर वाटावं अशी आकृती होती. खाली लिहिलं होतं, तेलेस्फोरोस, आजारातून सावरणाऱ्यांचा देव. ते पोर काही डोक्यातून जाईना. इंटरनेटवर अशी नाणी ४०-५० युरोला दिसतात. मुलगा आता तुर्कस्तानला फिरायला जातो आहे, बेर्गामालाही जाणार आहे. म्हणतो, ‘तिथल्या बाजारात स्वस्त मिळतील, आणतो.’ मिस्टर म्हणतात, हे सगळं बेकायदेशीर असतं. सासूबाई म्हणतात, देव आहे तर देव्हाऱ्यात ठेव. एका ओळखीच्यांनी तर सांगितलं की अशी नाणी आपल्याकडे तेरच्या शेतातही मिळतात, ते मिळवून देतील. मी कुठून सुरुवात करू? खरं-खोटं कसं ओळखू? आणि आमच्या दमट हवेत ती टिकतील का?

उत्तर:

ताई, बाकी सगळं नंतर. मुलाशी बोलणं होईल तेव्हा आधी त्याला सांगा, की तुर्कस्तानात नाणं, खापरी, कोरीव दगडाचा तुकडा, काहीही खिशात घालायचं नाही. तुमच्या मिस्टरांची भीती या बाबतीत अगदी खरी आहे. तिथे १९८३ सालचा, २८६३ क्रमांकाचा कायदा आहे. जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारच्या मालकीची, आणि ती देशाबाहेर नेणं हा कैदेची शिक्षा असलेला गुन्हा. विमानतळावर बॅगेत नाणं सापडलं, तर ‘आईसाठी घेतलं, मला माहीत नव्हतं’ या उत्तराने सुटका होत नाही. जुन्या अवशेषांच्या आसपास माणसं मुठीत नाणी घेऊन प्रवाशांना गाठतात, ‘कालच नांगराला लागलं’ असं हलक्या आवाजात सांगतात. त्यातली बहुतेक नाणी नकली असतात. म्हणजे नाणं खोटं निघालं तर पैसे गेले, आणि खरं निघालं तर पोरगा अडकला. या सौद्यात तुमच्या पदरात पडण्यासारखं काहीच नाही.

बेर्गामाला मात्र त्याने जावंच, आणि भरपूर फोटो काढून आणावेत. बेर्गामा म्हणजे जुनं पेर्गामोन. गावाच्या कडेला अस्क्लेपिओस या वैद्यदेवाचं आरोग्यधाम होतं. खांबांच्या रांगांमधून जाणारा रस्ता, पवित्र झरा, नाट्यगृह, झऱ्यापासून गोल इमारतीकडे जाणारं भुयार, हे सगळं आजही पाहता येतं. रोगी तिथे येऊन पवित्र आवारात झोपत. स्वप्नात देव उपाय सांगे आणि सकाळी त्या स्वप्नाचा अर्थ लावून उपचार ठरत. गॅलन हा थोर वैद्य १२९ साली याच शहरात जन्मला. एलिअस अरिस्टिडीस नावाचा एक नावाजलेला वक्ता १४५ च्या सुमारास आजारी होऊन इथे आला आणि दोनेक वर्षं राहिला. आपल्या दुखण्यांबद्दल आणि स्वप्नांबद्दल त्याने तपशिलाने लिहून ठेवलं, ते आजही वाचायला मिळतं, आणि त्यात तुमचा तेलेस्फोरोस नावानिशी येतो. देवाने त्याला एकदा सांगितलं, अंगाला चिखल लाव आणि देवळांभोवती तीन वेळा पळ. दिवस कडाक्याच्या थंडीचे, उत्तरेचा वारा सुटलेला, तरी तो पळाला. स्नान, पथ्य, मालिश, चालणं, पळणं हा तिथल्या उपचारांचा नेहमीचा भाग होता. तुमच्या पेशाच्या माणसाला ही जागा परकी वाटायची नाही.

तेलेस्फोरोस या पेर्गामोनचा. दाढीवाला अस्क्लेपिओस सापाची काठी टेकून उभा, दुसऱ्या बाजूला त्याची मुलगी हायजिया सापाला वाटीतून खाऊ घालते आहे, आणि दोघांच्या मधे गुडघ्याएवढा हा. डोक्यापासून पायापर्यंत अंगरखा, वर टोपडं, हातसुद्धा आत. मोठा देव रोग घालवतो. रोग गेल्यावर माणूस आपल्या पायांवर उभा राहीपर्यंतचे जे लांबलचक दिवस असतात, ते या छोट्याकडे. त्याला फारशी पुराणकथा नाही, पराक्रम नाहीत. पॉसेनिअस हा दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक ग्रीसमधल्या टिटाने गावच्या एका छोट्या देवाबद्दल लिहिताना म्हणतो, की पेर्गामोनचे लोक ज्याला तेलेस्फोरोस म्हणतात तो हाच असावा. गॉल म्हणजे आजचा फ्रान्स, तिथे आणि ब्रिटनमध्येही असे टोपडंवाले छोटे देव दगडात कोरलेले सापडतात. हेड्रियनच्या भिंतीजवळ हाउसस्टेड्स इथे तर तिघं ओळीने उभे आहेत. तो मूळचा तिकडचा, आणि अनातोलियात म्हणजे आजच्या तुर्कस्तानात येऊन स्थायिक झालेल्या गलेशियन म्हणजे केल्ट लोकांनी तो इकडे आणला, असा तर्क काही अभ्यासक करतात. तर्क मोहक आहे, पण त्याला तर्कच म्हणायचं. नाण्याच्या वर्णनात एखाद्या विक्रेत्याने ‘केल्टिक देव’ असं ठोकून दिलं असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता नाण्यांकडे येऊ. तुम्ही पाहिलं ते बहुधा रोमन प्रांतिक नाणं असावं. सोन्याचांदीचं मुख्य चलन रोमच्या ताब्यात होतं, पण पूर्वेकडच्या पाचशेहून जास्त शहरांनी रोजच्या बाजारहाटासाठी स्वतःची तांब्या-काशाची नाणी पाडली. एका बाजूला सम्राट किंवा त्याच्या घरातलं कुणी, दुसऱ्या बाजूला त्या शहराला जे मिरवावंसं वाटे ते: नदी, देऊळ, किल्ल्याची वेस, ग्रामदेवता. भोवतीची अक्षरं ग्रीक. तेलेस्फोरोसची बहुतेक नाणी अँटोनायनस पायसपासून तिसऱ्या गॉर्डियनपर्यंतची, म्हणजे १३८ ते २४४ या शंभरेक वर्षांतली. याच काळात, १६५ नंतर, पूर्वेच्या मोहिमेवरून परतलेल्या फौजेबरोबर मोठी साथ साम्राज्यभर पसरली. आरोग्यदेव नाण्यांवर येण्याचं कारण तेवढंच होतं असं नाही, पण ही नाणी ज्यांच्या हातात खेळली त्यांच्या घरांनी ती साथ पाहिली होती, हे विसरू नये.

याच काळात घडलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. २१४ साली सम्राट काराकाल्ला स्वतः उपचारासाठी पेर्गामोनला आला. हेरोडियन हा इतिहासकार तसं लिहितो. शहराने त्या भेटीची मोठमोठी काशाची नाणी पाडली. सम्राट लष्करी वेशात उभा आहे, झाडाला वेटोळं घातलेल्या सापाला हात उंचावून वंदन करतो आहे, आणि एका नाण्यावर त्या दोघांच्या मधे तेलेस्फोरोस उभा आहे. पुढच्या वर्षी, २१५ मध्ये, चांदीच्या रोमन देनारियसवर अस्क्लेपिओस आला, आणि त्याच्या पायाशी आपला टोपडंवाला. अनातोलियातल्या एका शहराचा छोटा देव राजधानीच्या चांदीवर पोचला. सम्राटाला मात्र गुण आला नाही. कॅशियस डिओ हा इतिहासकार लिहितो, की देवांपैकी अपोलो ग्रॅनस झाला, अस्क्लेपिओस झाला, सेरापिस झाला, पण कुणीच त्याला बरं केलं नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की तेलेस्फोरोस दिसला की घ्यायचा असं करू नका. शहरं धरून चाला. एका शहरातून एकच नाणं, आणि ते घेण्याआधी ते शहर नकाशावर कुठे आहे, तिथे पाणी कुठलं, त्याने हा देव का घेतला, एवढं तरी वाचलेलं असावं. सुंदर नाणी गोळा करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे पैसाही पुष्कळ असतो. पेर्गामोनची ती मोठी नाणी लिलावात हजारो युरोंना जातात, त्यांच्या मागे लागू नका. ती जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर फुकट आणि निवांत पाहता येतात.

सुरुवात निकोपोलिस आद इस्त्रुमपासून करा. हे शहर आजच्या उत्तर बल्गेरियात, निकूप नावाच्या खेड्याजवळ. डॅन्यूबपलीकडच्या डेशियन लोकांवर मिळवलेल्या विजयानंतर सम्राट ट्रेजनने वसवलेलं. इथली लहान नाणी मुबलक आहेत, त्यामुळे किंमत आवाक्यात राहते आणि तुलना करायला ढीगभर नमुने मिळतात. १६ ते १८ मिलिमीटरचं, साधारण तीन ग्रॅमच्या आसपासचं नाणं. एका बाजूला सेप्टिमियस सेव्हेरस, काराकाल्ला, गेटा किंवा पुढचा एलागाबालस. उलटं केलं की समोर तोंड करून उभा तेलेस्फोरोस. झिजलेलं नसेल तर टोपड्याचं टोक, त्याखाली चिमुकल्या चेहऱ्याचा उंचवटा, छातीवरून खाली येणारी अंगरख्याची उभी कड आणि तळाशी दोन पावलं दिसतात. भिंगाने पावलं नक्की पाहा. कारागिराने एवढ्याशा जागेत ती काढली आहेत. भोवती ग्रीक अक्षरं: निकोपोलितोन प्रोस इस्त्रोन, इस्त्रोसजवळच्या निकोपोलिसकरांचं. इस्त्रोस म्हणजे डॅन्यूब. लहान नाण्यावर जागा नसल्याने शेवटची अक्षरं गाळलेली असतात. तेव्हाच्या लिखाणात सिग्मा इंग्रजी सी सारखा आणि ओमेगा बऱ्याचदा डब्ल्यूसारखा काढत, एवढं लक्षात ठेवलं की दोन दिवसांत वाचता येऊ लागेल. या शहराच्या मोठ्या नाण्यांवर प्रांताच्या अधिकाऱ्याचं नावही असतं, लहानांवर सहसा नसतं.

दोन्ही बाजूंना मधोमध टाचणीने केल्यासारखा खळगा दिसला तर घाबरू नका. कुणी भोक पाडायला घेतलं होतं असं नवख्यांना वाटतं, पण नाण्याची चकती तयार करतानाच्या कामातून उरलेली ती खूण आहे, आणि बाल्कन व आशिया मायनरच्या नाण्यांवर ती नेहमी आढळते. दुसरं म्हणजे, झिजलेल्या नाण्यांची नावं चुकतात. उलटी मशाल टेकून उभा असलेला पंखवाला एरॉस हा प्रेमदेव याच शहराच्या लहान नाण्यांवर असतो, आणि गुळगुळीत झाला की विक्रेते त्यालाही तेलेस्फोरोस म्हणून खपवतात. पंखांचं टोक, आडवा पाय, बाजूला तिरकी रेघ, यांतलं काही दिसलं तर तो आपला नाही. आपला सरळ, बंदिस्त उभा असतो.

निकोपोलिसनंतर पाउतालिया घ्या, आजचं क्युस्तेंदिल. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि अस्क्लेपिओस परिवार तिथल्या नाण्यांवर पुन्हा पुन्हा येतो. मग सेर्दिका, म्हणजे आजचं सोफिया, तेही गरम झऱ्यांचं. पुढे समुद्र ओलांडून बिथिनियातलं निकाया आणि शेवटी एखादं साधं, झिजकं का होईना, पेर्गामोन. चार-पाच वर्षं सहज लागतील आणि लागावीतही. ओळख पटवायला ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचं आरपीसी ऑनलाइन हे प्रांतिक नाण्यांचं कोश-संकेतस्थळ विनामूल्य आहे. शहर, सम्राट, चित्र असा शोध घेता येतो. निकोपोलिससाठी विक्रेते ‘पिक’ किंवा ‘एएमएनजी’ असा क्रमांक देतात. तो बेरेन्ट पिक यांनी १८९८ मध्ये काढलेल्या जर्मन सूचीतला आहे.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल. ४० युरोचं नाणं कोण कशाला खोटं करेल, असं समजू नका. बल्गेरियात नवे साचे कोरून नाणी ठोकणारे कारखानदार आहेत, आणि स्वस्त मालही त्यांच्याकडून निघतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि व्हर्नियर कॅलिपर आधी घ्या, नाणं नंतर. कड नेहमी पाहा. कडेवर चौफेर बारीक शिवण किंवा कानशीने घासल्याच्या खुणा दिसल्या तर ते साच्यात ओतलेलं आहे. पृष्ठभागावर बारीक गोल फोड, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ, हेही ओतीवाचं लक्षण. सगळ्यांत खात्रीची परीक्षा तुलनेची. खरी नाणी हाताने ठोकलेली. एकाच ठशातून निघालेली दोन नाणीसुद्धा कडेच्या आकारात, चित्र किती सरकलं आहे यात, फटीत वेगळी असतात. दोन विक्रेत्यांकडच्या दोन नाण्यांची फूट, खळगा आणि कडेचा वेडावाकडा आकार तंतोतंत जुळला, तर दोन्ही सोडून द्या.

पूर्ण खोट्यापेक्षा जास्त गाठ पडते ती ‘सुधारलेल्या’ नाण्यांशी. झिजलेल्या अंगरख्याच्या चुण्या कुणीतरी अलीकडे सुईने कोरून ठळक केलेल्या असतात. चेहऱ्याला डोळे काढलेले असतात. आजूबाजूची अक्षरं झिजून गेली आहेत आणि देव मात्र लख्ख आहे, असं दिसलं की तो सुईचा प्रताप. तसाच वाळूचा रंग. अक्षरांमधे फिकट मातकट थर बसवला की चित्र उठून दिसतं, आणि हा थर पुष्कळदा गोंदात कालवलेली माती असते. ॲसिटोनमध्ये ठेवलं की निघतो. मला स्वतःला अस्सल, झिजकं, पावलं जेमतेम दिसणारं नाणं अशा नटवलेल्या नाण्यापेक्षा केव्हाही प्यारं.

पण ताई, खरेपणाइतकंच दुसरं एक महत्त्वाचं आहे, आणि बहुतेक लोक ते विचारतच नाहीत: नाणं आलं कुठून? १९९० नंतर बल्गेरियात मेटल डिटेक्टर घेऊन रात्री-बेरात्री जुनी स्थळं उकरण्याचा धंदाच उभा राहिला. डॅन्यूबकाठी आर्चार गावाजवळ रातिआरिया नावाचं रोमन शहर होतं. लुटारूंनी तिथे बुलडोझर घातले. नाण्यासाठी खणणारा माणूस बाकीचं सगळं तोडून टाकतो. कुठल्या घरात, कुठल्या थरात, कुठल्या मडक्याशेजारी ते नाणं पडलं होतं, हे एकदा गेलं की गेलं. तेलेस्फोरोसच्या बाबतीत तर हे फारच लागतं. तो देवळात वाहिलेला होता, की कुणाच्या थडग्यात, की बाजारात हरवलेला, एवढ्यावरून लोक त्याच्याकडे कसे पाहत हे कळू शकलं असतं. खिशातून खिशात फिरलेलं, माग नसलेलं नाणं यातलं काही सांगू शकत नाही. म्हणून अशा नाण्याला मागणी आपण निर्माण करायची नाही, या मताचा मी आहे आणि त्यात तडजोड करत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा. विक्रेत्याला लेखी विचारा: हे नाणं याआधी कुठल्या संग्रहात होतं? कुठल्या लिलावात, कोणत्या वर्षी, कितव्या क्रमांकाने विकलं गेलं? जुन्या संग्राहकाच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, जुन्या कॅटलॉगमधला फोटो, जुनी पावती, यातलं काहीतरी असावं. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. त्याआधीचा कागद मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण ४० युरोच्या नाण्याला तो क्वचितच मिळतो, हेही खरं. निदान माग स्पष्ट सांगणारा, तो पावतीवर लिहून देणारा आणि खोटं निघाल्यास कितीही काळाने परत घेणारा विक्रेता निवडा. ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढंच मोघम लिहिलेलं असेल तर त्याला कागद म्हणायचं नाही. आणि एकाच विक्रेत्याकडे मातीने माखलेल्या, न धुतलेल्या नाण्यांच्या पिशव्या किलोने विकायला असतील, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. ती माती कुठून आली हे उघड आहे. कागद असलेल्या नाण्याला दीडपट किंमत पडली तरी द्या. वर्षाला एकच घेता आलं तरी चालेल.

तुमच्या मुलाचा खरा उपयोग इथे आहे. जर्मनीत नाण्यांचे जुने, नावाजलेले लिलावगृहवाले आणि दुकानदार आहेत. त्याला तिथे जाऊन नाणं हातात घेऊन पाहता येईल, कागद तपासता येतील. घेतलेलं नाणं लगेच भारतात आणायची घाई करू नका. आपल्या १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू मुळात भारतातली असावी अशी अट त्या व्याख्येत नाही. म्हणजे एकदा चिपळूणला आलेलं नाणं खोटं ठरलं म्हणून परत करायचं, किंवा पुढे मुलाकडे द्यायचं, तर अडचण उभी राहते. तेव्हा परत करण्याची मुदत आणि तज्ज्ञाकडून तपासणी हे सगळं जर्मनीतच उरकून घ्या. मग आणायचंच ठरलं तर युरोपबाहेर नेण्यासाठी परवाना लागेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. इकडे उतरल्यावर कस्टम्सला खरी किंमत आणि खरं वर्णन सांगा, पावती दाखवा, पडेल तो कर भरा. भेटवस्तू म्हणून कमी किंमत लिहून पाठवायला सांगणारे विक्रेते भेटतात, त्यांचं ऐकू नका. उद्या तुमच्याकडे तीच पावती पुरावा म्हणून राहणार आहे.

तेरच्या शेतातल्या नाण्यांबद्दल थोडक्यात सांगतो: घेऊ नका. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमन व्यापाराशी त्याचा संबंध पक्का आहे आणि रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या टिकल्या तिथे मिळाल्या आहेत. पण भारतात आलेलं रोमन नाणं हे मुख्यतः ऑगस्टस-टायबेरियसच्या काळापासूनचं सोनं आणि चांदी. बाल्कनातल्या शहराने आपल्या पेठेपुरती पाडलेली तांब्याची चिल्लर इकडे यायला काही कारण नव्हतं. शिवाय जमिनीत सापडलेलं, १० रुपयांहून जास्त किमतीचं काहीही १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ते गुपचूप ‘मिळवून देणारे’ गृहस्थ तुम्हाला अडचणीत आणतील. रोमशी आपल्या मुलखाचा खरा दुवा पाहायचा असेल तर घाट चढून कोल्हापूरला जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. आणि नाणं वाचायचं कसं, हे माणसांकडून शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिचा भर भारतीय नाण्यांवर आहे, पण ठसा, धातू, वजन पाहण्याची शिस्त सगळीकडे एकच.

आता हवेचं. तुमची काळजी रास्त आहे. काशाच्या नाण्याला जमिनीतले क्षार चिकटलेले असतात आणि दमट हवा मिळाली की आतून रोग सुरू होतो. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसते, टूथपिकने सहज निघते आणि खाली खड्डा असतो. जुना, कडक, चकचकीत हिरवा किंवा तपकिरी थर वेगळा. तो नाण्याचं रक्षण करतो, त्याला हात लावायचा नाही. भुकटी दिसली तर ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून बाजूला काढा, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल. घरगुती उपाय नकोत. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीही लावलंत तर अठराशे वर्षांचा थर पाच मिनिटांत जाईल आणि तो परत येत नाही.

ठेवायला हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटं आर्द्रतामापक. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पुड्या वरचेवर तापवून कोरड्या कराव्या लागतील. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे मऊ प्लास्टिकचे अल्बम टाळा. त्या पीव्हीसीतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. लाकडी खणातही आम्लाची वाफ असते. नाणं कडेने धरा, हात कोरडे हवेत, आणि खाली मऊ कापड असू द्या. प्रत्येक नाण्याबरोबर चिठ्ठी: शहर, सम्राट, वजन, व्यास, कुणाकडून, कधी, आणि त्याआधीचा माग. जुनी चिठ्ठी आली असेल तर ती फेकायची नाही, नव्या चिठ्ठीमागे ठेवायची. आणि २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको, डबा वरच्या मजल्यावर. कागदांचे फोटो मुलाकडेही असू द्यात.

सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून आवडलं. ज्याने ते नाणं पाडलं त्याच्यासाठी तो देवच होता. पण देव्हाऱ्यात पाणी, दूध, हळदकुंकू, ओली फुलं, निरांजनाची धग, आणि या सगळ्याचा काशावर वाईट परिणाम होतो. नाणं डब्यातच राहू द्या आणि त्याचा छान मोठा फोटो छापून चौकटीत बसवून द्या. तो देव्हाऱ्याशेजारी लावता येईल. दुसरी प्रत तुमच्या क्लिनिकमध्ये लावा. पेशंट विचारतील हा कोण, आणि सांगायला तुमच्याकडे बरंच काही असेल.

पहिलं नाणं घेण्याआधी विक्रेत्याची माहिती, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो, वजन आणि त्याने दिलेला मागचा तपशील मला पाठवा. पैसे भरायच्या आधी पाठवा, नंतर नको. मी पाहून कळवीन.